मावशीचे पौंड, माझी घोडचूक

डिसेंबर २०२५चा पहिला आठवडा. वाकडच्या पुलावर नेहमीसारखी कॅब अडकलेली. फोन वाजला. मावशीचा व्हॉट्सअ‍ॅप. एक स्क्रीनशॉट आणि खाली तीन प्रश्नचिन्हं.

स्क्रीनशॉट इन्कम टॅक्स डिपार्टमेंटच्या एसएमएसचा होता. मथितार्थ असा, की तुमचं परदेशात खातं असल्याची माहिती आमच्याकडे आहे, रिटर्नमध्ये ते दिसत नाही, ३१ डिसेंबरच्या आत रिटर्न सुधारून घ्या.

आता माझी मावशी म्हणजे कोण? स्विस बँकवाली? नाही हो. धुळ्याच्या देवपुरात टू बीएचकेमध्ये राहणारी, ७० वर्षांची रिटायर्ड नर्स. १९८२मध्ये इंग्लंडला गेली, लेस्टरला ३९ वर्षं लोकांना इंजेक्शनं टोचली आणि जून २०२२मध्ये दोन बॅगा घेऊन कायमची घरी आली. तिचं रिटर्न भरतो तिचा हुशार, हिंजवडीत आयटीत काम करणारा भाचा. म्हणजे मी.

घाम फुटला, बॉस. एसी कॅबमध्ये.

तिचा फोन आला तेव्हा आवाज शांत होता, आणि तेच जास्त लागलं. ‘काय व्हयनं रे भाऊ? मी काही चोरी केली का?’ आयुष्यात कुणाचे पाच रुपये ठेवून न घेतलेली बाई विचारत होती. मी म्हटलं, ‘मावशी, तू काही नाही केलंस. जे केलं ते मी केलं.’

शुक्रवारी रात्रीच्या बसने जळगाव गाठलं. सकाळी आईने डब्यात भरीत आणि कळण्याच्या भाकरी दिल्या (डिसेंबरात खान्देशी माणूस भरिताशिवाय कुठे जात नाही, इन्कम टॅक्सच्या कामालाही नाही). मग एसटी. एरंडोल, पारोळा, धुळे. वाटेत मोबाइलवर नियम वाचत होतो. जे वर्षभरापूर्वी वाचायला हवे होते, ते.

माझी चूक कशी झाली, ते सांगतो. आमच्या ऑफिसात कॅन्टीनमध्ये एक ज्ञान फिरत असतं: ‘परदेशातून परत आलं की ३ वर्षं तिकडच्या पैशावर टॅक्स नाही.’ मी ते सत्य मानलं. पण प्रकरण तसं नाही.

परत आलेला माणूस काही काळ ‘आरएनओआर’ असतो. म्हणजे राहतो भारतात, पण अजून पुरता मुरलेला नाही. आधीच्या १० वर्षांपैकी ९ वर्षं तुम्ही अनिवासी असाल, किंवा आधीच्या ७ वर्षांत भारतातला तुमचा मुक्काम ७२९ दिवसांच्या आत असेल, तर हे स्टेटस मिळतं. तोवर परदेशात कमावलेल्या आणि परदेशातच हातात पडलेल्या पेन्शनवर इथे टॅक्स नाही. ‘परदेशातच हातात पडलेल्या’ हे शब्द अधोरेखित करा. तेच पेन्शन थेट धुळ्याच्या खात्यात आलं, तर ते भारतात मिळालेलं उत्पन्न, आणि त्यावर पहिल्या दिवसापासून टॅक्स. एवढं मात्र मी बरोबर केलं होतं. मावशीचं पेन्शन तिकडच्या खात्यात जमा होत होतं आणि लागतील तसे पैसे ती इकडे मागवत होती.

२०२२-२३ आणि २०२३-२४, ही दोन वर्षं निभावली. तिसऱ्या वर्षी, २०२४-२५ला, मी डोळे झाकून पुन्हा ‘आरएनओआर’वर टिक केली. दिवस मोजलेच नाहीत.

ते आम्ही त्या शनिवारी मोजले. मावशीच्या डायनिंग टेबलावर, तिच्या पासपोर्टचे शिक्के बघत. (तिने ३९ वर्षांत ब्रिटिश पासपोर्ट घेतला नाही. का, तर ‘घेना नव्हता’. विषय संपला.) १० जून २०२२ला ती उतरली, त्या आर्थिक वर्षातले २९५ दिवस. पुढच्या पूर्ण वर्षाचे ३६६, कारण लीप इयर. झाले ६६१. आता त्याआधीच्या पाच वर्षांतल्या सुट्ट्या. २०१७ची दिवाळी, २२ दिवस. २०१८ची दिवाळी, २२ दिवस. कोरोनाची दोन वर्षं, शून्य. राहिलं २०१९-२०.

त्या वर्षी ती दिवाळीला आलीच नव्हती. फेब्रुवारी २०२०मध्ये आली होती, माझ्या लग्नाला. दर वेळी २२ दिवस राहणारी मावशी त्या वेळी ३१ दिवस राहिली होती. हळदीपासून सत्यनारायणापर्यंत आणि वर ‘नवी सून बघून जाते’ म्हणून आणखी थोडे दिवस.

बेरीज आली ७३६. मर्यादा ७२९. माझ्या लग्नातले नऊ जास्तीचे दिवस नसते, तर ७२७ झाले असते आणि मावशी आणखी एक वर्ष सुटली असती.

दोघंही थोडा वेळ गप्प. मग ती इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. ‘जाऊ दे रे,’ ती म्हणाली, ‘तुना लगीनना आहेर समज.’

मला हसू येत नव्हतं, कारण आहेराची रक्कम मी आधीच काढली होती.

तिची पेन्शनं दोन. एक ब्रिटिश सरकारचं स्टेट पेन्शन, आठवड्याला १८५ पौंड १५ पेन्स. दुसरं एनएचएसचं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं. मधली अनेक वर्षं तिने पार्ट टाइम केली, म्हणून ते लहान, वर्षाला साधारण ५ हजार पौंड. महिन्यामहिन्याला स्टेट बँकेच्या टीटी बाइंग रेटने रुपये काढायचे. एकूण साडेपंधरा लाखांच्या पुढे. टॅक्स दीड लाखाच्या आसपास.

‘पण तिकडे कापतात ना?’ मावशीचा रास्त प्रश्न. कापत होते, वर्षाला ४०० पौंडांच्या वर. स्टेट पेन्शनमधून थेट टॅक्स कापला जात नाही. दोन्हींची बेरीज करून, १२,५७० पौंडांच्या सवलतीवरचा टॅक्स एनएचएसच्या पेन्शनमधून वळता करतात. मला वाटलं, सोपं आहे, तिकडे भरलेला टॅक्स इकडे वजा करू.

इथे जळगावच्या आमच्या सीएंनी फोनवर कान उपटले. भारत आणि ब्रिटन यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा १९९३चा करार आहे. त्यानुसार असं पेन्शन फक्त माणूस जिथे राहतो त्या देशात करपात्र. सरकारी नोकरीचं पेन्शन देणाऱ्या देशात करपात्र असतं, पण माणूस दुसऱ्या देशाचा रहिवासी आणि नागरिक असेल, तर तेही तिथेच. म्हणजे मावशीच्या ‘घेना नव्हता’ने ही शंकाही निकालात निघाली. ब्रिटनला तिच्या पेन्शनवर टॅक्स घ्यायचा हक्कच नाही. मग जो घ्यायलाच नको होता, तो इथे वजा कसा मागणार? तो ब्रिटनकडूनच परत मागायचा. त्यासाठी इथल्या इन्कम टॅक्स ऑफिसकडून ‘ही बाई आमची रहिवासी आहे’ असा दाखला घ्यायचा आणि तिकडच्या टॅक्स खात्याला अर्जासोबत पाठवायचा. ते मग पेन्शन देणाऱ्यांना ‘एनटी’ कोड कळवतात. एनटी म्हणजे नो टॅक्स.

मी हे सगळं समजावत होतो तेव्हा मावशी भाकरीवर तेल घालत होती. म्हणाली, ‘म्हणजे आता मी पुरती इथली झाले.’

त्या वाक्यामागचं एक सांगायला हवं. तिच्याकडे ब्रिटनमध्ये कायम राहण्याचा परवाना होता. सलग दोन वर्षं बाहेर राहिलं की तो रद्द होतो. जून २०२४ला तो गेला. त्या महिन्यात मी दोनदा फोन करून विचारलं होतं, तिकीट काढू का? दोन्ही वेळा म्हणाली, पावसाळ्यानंतर बघू. पावसाळ्यानंतर बघण्यासारखं काही उरणार नाही, हे तिला माहीत होतं. मलाच नव्हतं.

आणि याची किंमत फक्त टॅक्सची नाही. ब्रिटनमध्ये स्टेट पेन्शन दर एप्रिलला वाढतं. तुम्ही अमेरिकेत जाऊन राहिलात तरी वाढतं. भारतात आलात तर नाही! कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका यांचंही तेच. तुम्ही निघालात त्या दराला ते गोठतं. दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या अ‍ॅनेट कार्सन यांनी या नियमाविरुद्ध थेट युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत धडक मारली, पण २०१०मध्ये तिथेही निकाल विरोधात गेला. मावशीची लेस्टरची मैत्रीण तिच्याच वयाची, तिच्याच वॉर्डातली. २०२२मध्ये पूर्ण पेन्शन दोघींना सारखं होतं. २०२५-२६मध्ये मैत्रिणीचं झालं २३० पौंड २५ पेन्स आणि मावशीचं तिथेच, १८५ पौंड १५ पेन्सवर. वर्षाला २,३४५ पौंडांचा फरक, आणि तो दर एप्रिलला वाढणार. एनएचएसचं पेन्शन तेवढं महागाईप्रमाणे वाढतं, हाच दिलासा.

‘अन्याय आहे हा,’ मी म्हटलं. मावशी म्हणाली, ‘आहे. पण भरीत लेस्टरला मिळत नाही.’

मग तिने मला एक गंमत ऐकवली, तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी सांगितलेली. इंग्रजांच्या काळात खान्देशचा गोरा कलेक्टर रिटायर होऊन विलायतेला जायचा आणि त्याचं पेन्शन इकडच्या महसुलातून तिकडे जायचं. ‘होम चार्जेस’ म्हणत त्याला. दादाभाई नौरोजींनी १९०१च्या आपल्या पुस्तकात संपत्तीच्या ज्या ओहोटीवर बोट ठेवलं, त्यात ही पेन्शनंही होती. ‘तुझ्या आजोबांना फार राग होता त्याचा,’ मावशी म्हणाली. ‘आता पौंड धुळ्याला येतात आणि त्यावर टॅक्स दिल्ली घेते. ते असते तर पेढे वाटले असते.’

रविवारी दुपारी सुधारित रिटर्न भरलं. पेन्शन दाखवलं आणि परदेशी खातंही. खात्यात साधारण ११ हजार पौंड होते. घर-जमीन सोडून बाकीची परदेशी मालमत्ता २० लाखांच्या आत असेल, तर ती न दाखवल्याचा १० लाखांचा दंड १ ऑक्टोबर २०२४पासून लागत नाही. पण दाखवायची ती असतेच. मला व्याजाची धास्ती होती. तेही लागलं नाही. ६० वर्षं पूर्ण झालेल्या आणि धंद्याचं उत्पन्न नसलेल्या रहिवाशांना अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरायचा नसतो आणि मूळ रिटर्न वेळेत गेलं होतं. म्हणजे माझ्या घोडचुकीचा जादा भुर्दंड शून्य. टॅक्स तेवढा खरा.

पैसे भरताना मी माझं कार्ड काढलं. मावशीने हातावर चापट मारली. ‘माझा टॅक्स मी भरते. इतकी वर्षं त्यांना भरला, आता आपल्याला भरते. तू फक्त बेरीज नीट कर.’

खरं सांगू? त्या क्षणी कळलं की मी तिला टॅक्सपासून ‘वाचवत’ होतो, पण तिने तसं कधी मागितलंच नव्हतं. तिला हवी होती ती निर्धास्त झोप.

आता थोडं तुमच्याबद्दल. ऑनसाइटवरून परत आलेले, येणारे, यायचं की नाही यावर दर वीकेंडला बायकोशी चर्चा करणारे. ब्रिटनमध्ये दोन-तीन वर्षं पगारातून नॅशनल इन्शुरन्स कापला गेला म्हणून म्हातारपणी पौंड येतील, असं गृहीत धरू नका. नव्या स्टेट पेन्शनसाठी किमान १० वर्षं भरावी लागतात, पूर्ण रकमेसाठी साधारण ३५. अमेरिकेची गोष्ट आणखी वेगळी. तिथल्या सोशल सिक्युरिटीवर करारानुसार टॅक्स लावतो तो अमेरिकाच, भारत नाही. म्हणजे मावशीच्या अगदी उलट. एकाचा नियम दुसऱ्याला लावू नका आणि कॅन्टीनचं ज्ञान तर कुणालाच लावू नका. १ एप्रिल २०२६पासून नवा इन्कम टॅक्स कायदा आहे, म्हणजे जुने कलमांचे नंबर पाठ करण्यातही अर्थ नाही. पासपोर्ट मात्र जपून ठेवा, जुनासुद्धा. शिक्के मोजायची वेळ येते.

एक काम अजून उरलं होतं. ब्रिटिश पेन्शनवाले अधूनमधून एक फॉर्म पाठवतात. तुम्ही जिवंत आहात याचा दाखला. साक्षीदाराची सही घ्यायची आणि पोस्टाने परत पाठवायचा, नाहीतर पेन्शन थांबू शकतं. मावशीच्या शेजारचे रिटायर्ड गुरुजी दर नोव्हेंबरला मशीनवर अंगठा ठेवून जीवन प्रमाण करून मोकळे होतात. मावशीला ती सोय नाही. तिचा फॉर्म त्याच आठवड्यात आला होता, फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला.

सोमवारी सकाळी मी हाफ डे टाकला आणि तिला गाडीवर बसवून ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर फॉर्म वाचून हसले. ‘सिस्टर, यात लिहिलंय की तुम्ही हयात आहात हे मी प्रत्यक्ष बघायचं.’

‘बघा की,’ मावशी म्हणाली. ‘मी जित्ती शे. आणि आता टॅक्सपण भरस.’

परतताना पोस्टात थांबलो. रजिस्टर केलं, पावती तिने पर्समध्ये ठेवली. देवपूरचा पूल ओलांडताना मागून म्हणाली, ‘पुढच्या वर्षापासून पेन्शन सरळ इथल्याच बँकेत घेऊ. तिकडे ठेवून आता काय फायदा?’

मी म्हटलं, टॅक्सच्या दृष्टीने काही नाही. फॉर्म भरून देतो.

‘दे,’ ती म्हणाली. ‘पण या वेळी दोनदा वाच.’