काडीची माणसे

इंदूरच्या आमच्या वाड्यात चित्रकथा लपवूनच वाचाव्या लागत. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आम्ही भूमितीच्या पुस्तकात दडवून वाचला. असे असूनही, पुढे चिरंजीवांच्या गणिताच्या वहीत चित्रांच्या चौकटी दिसल्या, तेव्हा ती वही फाडणारे आम्हीच!

परवा नातीने संगणकावर 'एक्सकेसीडी' दाखविली. रँडल मन्रो या अमेरिकन चित्रकाराने २००५ साली सुरू केलेली ही चित्रमाला. माणसे म्हणजे नुसत्या काड्या. नाक नाही, डोळे नाहीत.

"हे तर कोणीही काढील," आम्ही म्हणालो.

"आजोबा, पुढे तर बघा!"

पुढे 'टाइम' नावाची कथा होती. समुद्रकाठी दोघे वाळूचा किल्ला बांधीत आहेत आणि पाणी हळूहळू चढते आहे. २०१३ साली एकाच चौकटीतले चित्र आधी अर्ध्या तासाने, मग तासातासाने बदलत राहिले. चार महिन्यांत ३०९९ चित्रे झाली! कथेतल्या रात्रीचे तारे पाहून वाचकांनी ताडले, की हा काळ हजारो वर्षांनंतरचा आहे. कथा संपल्यावर मन्रोने तिच्यामागची सारी कल्पना स्वतः उलगडून सांगितली. २०१४ साली तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

आम्ही गप्प झालो. रेघ साधी होती. तिच्यामागचा अभ्यास आणि चिकाटी साधी नव्हती. फाडलेल्या वहीतल्या रेघांमागे काय होते, ते आम्ही कधी विचारलेच नाही.

आता नात चौकटी आखते, आम्ही तिच्या पेन्सिली तासून देतो. चिरंजीव दारातून पाहून जातात. त्यांच्याशी त्या वहीविषयी बोलण्याचा धीर मात्र आम्हांला अद्याप झालेला नाही.