गोपाळ नको म्हणताना

मुलाचं नाव सोपं असावं, ते कुठंही गेलं तरी कुणाची जीभ अडखळू नये, असं मी वर्षानुवर्षं ठामपणे सांगत आले. म्हणूनच वहिनीनं भाच्याचं नाव 'गोपाळ' ठेवायचं ठरवलं, तेव्हा मी विरोध केला. भाऊ-वहिनी राहतात लखनौला. तिथल्या हिंदीत ळ नाही. शाळेत, शेजारी, दवाखान्यात सगळे त्याला गोपाल म्हणणार. जे नाव आयुष्यभर कुणी नीट उच्चारणार नाही, ते लेकराच्या गळ्यात कशाला? आरव, विहान, यज्ञेश अशी नावं मी फोनवर सुचवत राहिले. वहिनी एवढंच म्हणाली, "ताई, मला हाक मारायला हेच आवडतं."

आत्या म्हणून बारशाचा मान माझा. नाव न पटलेली मीच ते बाळाच्या कानात सांगणार होते. पाळण्याभोवती बायका जमल्या. गोविंदाचं, गोपाळाचं नाव घेत बाळ पाळण्याखालून माझ्याकडे आलं आणि मी ते वरून पलीकडे दिलं. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. किती बारशांत मी हे असंच केलं आहे! त्या दिवशी मात्र माझ्याच तोंडचं ते नाव मला ऐकू आलं आणि मी चपापले. प्रत्येक बाळाला आपण क्षणभर गोपाळ करतो, आणि लगेच दुसरं नाव देऊन ते काढून घेतो. का?

उत्तर लगेच सुचलं आणि तेच बोचलं. ळची काळजी ही सबब होती. लखनौत यज्ञेशचा 'यग्येश' झाला असता, ते मला चाललं असतं. गोपाळ हे नावच मला हलकं वाटत होतं. लहानपणी आमच्या वाड्यात पाणी भरायला एक गोपाळ यायचा. वयानं बाबांपेक्षा मोठा, तरी आम्ही पोरं त्याला 'गोपाळ्या' म्हणायचो आणि आम्हाला कुणी टोकत नसे. भाचा त्या नावाचा असू नये, यासाठी माझी सगळी धडपड होती. देव्हाऱ्यात ज्या नावापुढे हात जोडायचे, तेच नाव कष्टकऱ्याचं म्हणून कमी लेखायचं, एवढा कोतेपणा मी 'शुद्ध उच्चार' या शब्दांखाली लपवला होता.

लोकहितवादी, आगरकर, गोखले, गोनीदा हे चौघेही गोपाळच. त्यांच्याबद्दल मी आदरानं बोलते, पण आडनावानं किंवा टोपणनावानं. त्यामुळे त्यांचं पहिलं नाव कधी माझ्या पूर्वग्रहाच्या आड आलंच नाही.

मग उच्चाराकडेही नीट पाहिलं. संस्कृतात हे नाव गोपाल असंच आहे. फल-बाल यांचं मराठीनं फळ-बाळ केलं, तसा गोपालचा गोपाळ केला. गुजरातीत आणि ओडियातही तो ळ भेटतो. म्हणजे ज्याला मी बिघाड म्हणत होते, तो हिंदीतला ल मूळ रूपाला धरून आहे, आणि आपला ळ ही मराठीची घडण आहे. गाडगेबाबांचं सगळं आयुष्य खेड्यापाड्यांतून मराठी माणसांशी बोलण्यात गेलं, आणि त्यांच्या कीर्तनातला गजर 'गोपाला' असाच, ल घेऊन. तो ऐकताना मला कधी काही खटकलं नव्हतं. लखनौच्या शिक्षकांनी तोच ल उच्चारला तर माझ्या भाच्याचं काय बिघडणार होतं?

आता तो शाळेत जातो. तिथं गोपाल, घरी गोपाळ. दोन्ही हाकांना तो सारखीच ओ देतो.

सोप्या नावाचा सल्ला मी आता देत नाही. कुणी विचारलंच, तर एवढंच विचारते: हे नाव जिभेला जड जातंय की प्रतिष्ठेला? हा प्रश्न मी स्वतःला वेळेवर विचारला असता, तर वहिनीला बाळंतपणात माझं इतकं ऐकून घ्यावं लागलं नसतं. तिची मी माफी मागितली. आमच्या वाड्यात पाणी भरणाऱ्या गोपाळरावांची मागायची राहिली, आणि ती आता मागता येणार नाही.