डीपीची वर्गणी

मैंदर्गीच्या शिवारात डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाला, की आमच्या पिढीची पहिली धावपळ वर्गणीची. वहीत नावं लिहायची, मोटरच्या हॉर्सपॉवरप्रमाणे आकडा धरायचा, ज्याच्याकडे नसेल त्याला तुरीच्या राशी होईपर्यंत सवलत. मग ते तेलकट धूड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवून अक्कलकोटचा रस्ता धरायचा. मराठी-कानडीत तावातावाने भांडलेला माणूसच निघताना दोर आवळायला पुढे असे.

आता सौरपंप आले. ‘मागेल त्याला’ योजनेत शेतकऱ्याने किमतीच्या 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5. ऊन पडलं की पाणी सुरू, कुणाच्या दारात जाणं नाही.

डीपीचे ते दिवस मात्र सुखाचे मुळीच नव्हते. भारनियमनाच्या काळात लाईन यायची मध्यरात्री. हातात बॅटरी, बांधावर सापाविंचवाचं भय, ओल्या पायांनी स्टार्टर दाबायचा. आणि माणूस परत येईपर्यंत घरात कुणाचा डोळा लागायचा नाही. एक दुखणं निघालं की दागिना गहाण, पाऊस हुकला की बियाणं उसनं. पुढच्या सुगीची खात्री नसलेला माणूस वीस-पंचवीस वर्षं चालणाऱ्या वस्तूत पैसा कसा घालणार?

आज छतावरच्या 3 किलोवॅटला ‘सूर्यघर’मधून 78 हजारांचं अनुदान आहे. तरी पॅनेल आधी चढतं ते पगाराच्या, पेन्शनच्या घरावर. हे अनुदान सगळ्यांना सारखं, पण निर्धास्तपणा सारखा नाही. दवाखान्याच्या खर्चाने खचलेलं घर उरलेली रक्कम कुठून आणणार?

मोठ्या भांडवलाचंही तसंच. सौर कृषी वाहिनी योजनेत प्रकल्पाच्या जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आहे, ग्रामपंचायतीला 3 वर्षं दरसाल 5 लाख आहेत, पैसा खासगी कंपनीचा. पण जिथे वाटेवरून डोकी फुटतात आणि रात्रीतून केबल कापली जाते, तिथे पैसा घालायला कोणीही कचरेल. ज्या भरवशावर आम्ही एकमेकांच्या वर्गणीसाठी थांबत होतो, तोच भरवसा या गुंतवणुकीलाही लागतो.

म्हणून हळहळ वाटते. तेव्हा माणसं जोडलेली होती, पण हाती पैसा नव्हता. आता थोडा पैसा आला, तर शेजारच्या विहिरीला पाणी किती, हेही पोरांना ठाऊक नसतं. चार दिवस आभाळ भरून राहिलं आणि रोपं माना टाकू लागली, तर ही पोरं कुणाच्या बांधावर जाऊन पाणी मागतील, याची मला काळजी वाटते.