हात मागे घेण्याची विद्या

फिजिओथेरपी म्हणजे मालीश, अशी पुष्कळांची समजूत असते. या ‘मालिशी’साठी माझ्या ताईने साडेचार वर्षे डोंबिवली ते परळ लोकलचे धक्के खाल्ले! देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा परळच्याच के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने निघाली. बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या ताईने चार वर्षे हाडे, स्नायू, मज्जातंतू यांचा अभ्यास केला. शेवटचे सहा महिने रुग्णांमध्ये इंटर्नशिप.

खरी परीक्षा मात्र घरीच झाली. पक्षाघाताने बाबांची उजवी बाजू लुळी पडली. खुर्चीतून उठताना ते धडपडले, की आई धावे. ताई तिला अडवी. “बाबा, पावले मागे घ्या, पुढे वाका, आता उठा. मी आहे.” आईला ती निष्ठुर वाटे. पण दुबळ्या पायावर पुन्हापुन्हा भार पडल्याखेरीज मेंदू चालणे नव्याने शिकत नाही, हे ताई जाणून होती.

तिसऱ्या महिन्यात बाबा आपले आपण उठले.

मित्रहो, आधार द्यायला कोणीही धावेल. तो केव्हा काढून घ्यावा, हे शिकावे लागते. बाबांच्या कमरेपासून वीतभर दूर धरलेले ताईचे हात तेव्हा थरथरत होते.