पावणेसात फुटांवर एकदा

चाकोरीत पडलो, असं घरी सांगितलं तेव्हा पडल्याबद्दल कोणाला शंका नव्हती, कोपर सोललेलं दिसतच होतं. चाकोरी हा शब्द मात्र कोणाला पटेना. ‘खड्ड्यात पडलास असं सांग ना सरळ.’ पण खड्डा नव्हता. चांबळीच्या पुढे कोडीतच्या बाजूला एक मातीची वाट जाते. ऑक्टोबरच्या शेवटच्या पावसात कोणाचा तरी ट्रॅक्टर तिथून गेला असणार. चिखलात त्याने दोन सऱ्या पाडल्या, आणि पुढचे दोन महिने ऊन खाऊन त्या भाजलेल्या विटेसारख्या टणक झाल्या. माझं पुढचं चाक डाव्या सरीत उतरलं. गप सरळ गेलो असतो तर दोनशे पावलांवर ती आपोआप उथळ होऊन संपत होती. पण मला बाहेर यायचं होतं. हँडल जरासं उजवीकडे नेलं, टायर काठाला घासत राहिला, चढेना, आणि सायकल जिथल्या तिथे थांबली. मी थांबलो नाही.

चाकोरीबाहेर पडा, असं व्यासपीठावरून सांगणाऱ्यांपैकी फार थोडे चाकोरीत चाक घालून बसले असतील. तिच्यातून निघायचं तर चाक चांगलं उचलून, जवळजवळ काटकोनात काढावं लागतं, नाहीतर उतरून सायकल हातात धरावी लागते. हळूच, तिरपं, कोणाला न कळता निघायला गेलं की कोपर सोलतं.

मित्र मागून आला. उतरला. सरीत हात घालून म्हणाला, ‘नऊ इंच.’ मग म्हणाला, ‘लागलं का रे?’

हा क्रम त्याच्याकडून अपेक्षितच होता. एकतीस वर्षं त्याने मोजणी खात्यात काढली. पदाचं नाव भूकरमापक. पण गावोगाव त्याला ‘मोजणीवाले साहेब’ म्हणत आणि निम्मं गाव त्याच्या येण्याने खूश तर निम्मं नाराज असे. निवृत्त झाल्यावर त्याने सायकल घेतली. माझ्याकडे मुलाची जुनी पडून होती, सव्वीस इंची चाकांची, जाड टायरची, रबरी ब्रेकची. दर बुधवारी पहाटे कोंढव्यातून निघायचं, डंपर सुरू व्हायच्या आत बोपदेव घाट चढायचा आणि वर आलं की डांबर सोडायचं. आम्ही किती किलोमीटर गेलो ते मोजत नाही. म्हणजे मी मोजत नाही. त्याच्याबद्दल खात्री देता येणार नाही. चढावर दोघंही उतरून चालतो. मला तर चढच आवडतो. उतारावर बघायला काही मिळत नाही, सगळं लक्ष दातांवर दात दाबण्यात जातं. वाटेत कोणीतरी विचारतंच, केवढ्याला घेतली. मित्र खरी किंमत सांगतो, मी अर्धी सांगतो, आणि विचारणाऱ्याला दोन्ही जास्तच वाटतात.

पडल्यावर हात-पाय शाबूत निघाले, चाक मात्र आउट झालं होतं. आउट काढायची चावी दोघांपैकी कोणाकडेच नव्हती. ब्रेकची वायर ढिली केली तरी रिम एका जागी रबराला घासतच राहिली. खस्स. मग शांतता. मग पुन्हा खस्स. सव्वीस इंची चाकाचा घेर साधारण पावणेसात फूट. म्हणजे दर पावणेसात फुटांवर एकदा खस्स. दहा मिनिटांत मित्र वैतागला. ‘चल, परत फिरू.’ पण मला तो आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटायला लागला होता. ऐकल्यासारखा नव्हे. पाहिल्यासारखा.

आजोळ नीरेच्या काठाला. मी नऊ वर्षांचा असेन. मे महिन्यात बैलगाडीची चाकं सुताराकडून भरून आली होती. नवे आरे, नव्या पाट्या, मधला तुंबा मात्र जुनाच. आता त्यांच्यावर धाव चढवायची होती. धाव म्हणजे चाकाला बसवायची लोखंडी पट्टी. ज्याच्यामुळे चाक धावतं त्याला धावच म्हणणारी भाषा मला फार आवडते. टायर या शब्दात काहीच धावत नाही. लोहाराने दोरीने चाकाचा घेर मोजला आणि धाव मात्र त्याहून इंचभर आखूड जोडली. मला वाटलं, चुकला. आजोबांना सांगायला गेलो तर ते म्हणाले, ‘बघ आता.’

लोहाराच्या पालापुढे मोकळ्या जागेत धाव आडवी मांडली, खाली-वर गोवऱ्या रचल्या आणि पेटवल्या. गोवऱ्यांची आग लाकडासारखी भडकत नाही. ती आतून धरत जाते. बाहेरून नुसता धूर, आणि मग राखेच्या फटीतून एकदम लालभडक वर्तुळ दिसायला लागतं. शेजारी चाक आडवं ठेवलेलं, तुंबा खड्ड्यात, म्हणजे चाक जमिनीला सपाट बसावं. मी आणि मामेभाऊ कळशा घेऊन उभे. पाणी आमच्याकडे. लोहाराने दोनदा बजावलं होतं, मी म्हणेन तेव्हा ओतायचं.

तिघांनी सांडशांनी धाव उचलली. तापून ती फुगली होती, आता तिच्यात चाक अलगद मावत होतं. खाली सोडली तेव्हा लाकडाने एकदम पेट घेतला, कडेने निळ्या-पिवळ्या ज्वाळा फिरल्या, आणि घण सुरू झाले. इकडून एक, तिकडून एक, धाव खाली बसत होती. आणि मला वाटलं, चाक जळतंय. आजोबांचं नवं चाक, सुताराने आठ दिवस खपून केलेलं, माझ्यासमोर जळतंय आणि मी भरली कळशी घेऊन नुसता उभा आहे. मी ओतली.

वाफेचा एक लोट माझ्या तोंडावर आला. त्यातून लोहाराची शिवी ऐकू आली, ती पुढे कित्येक वर्षं मी कोणाकडूनच ऐकली नाही. माझ्या बाजूची धाव निवली, आवळली, आणि पुरती खाली बसण्याआधीच लाकडाला चावली. बाकीची बसली, ती मात्र अर्धा बोट वर. लोहाराने घण घातले, पुन्हा घातले. मग सगळ्यांनी मिळून पाणी ओतलं. लोखंड आखडायला लागलं तसं चाक आतून करकरायला लागलं. आरे तुंब्यात घुसत होते, पाट्यांच्या फटी मिटत होत्या. इंचभर कमी का, ते मला तेव्हा समजलं. एकही खिळा नव्हता. निवलेलं लोखंड नुसतं धरून बसलं होतं. पण एका जागी धाव अर्धा बोट बाहेर राहिली ती राहिलीच. उतरवून पुन्हा तापवायची तर गोवऱ्या संपल्या होत्या. ‘चालेल,’ आजोबा म्हणाले. मला काहीच म्हणाले नाहीत. ते काही म्हणाले असते तर बरं झालं असतं.

आणि मग गंमत अशी झाली की आमच्या गाडीची चाकोरी ओळखू यायला लागली. गावाबाहेरच्या फुफाट्यात गाड्यांच्या रेघा एकात एक मिसळलेल्या असत. त्यांतली एक, उजवीकडची, दर पंधरा फुटांवर जराशी बाहेर फुगून पुन्हा सरळ व्हायची. श्वास घेतल्यासारखी. मामा बाजारातून परत आले का, गाडी मळ्याकडे गेली की नदीकडे, हे मी घरी न विचारता सांगू शकत असे. आजीला वाटायचं, पोराला काहीतरी समजतं. मामेभावाला कारण माहीत होतं, पण तो बोलला नाही, कारण त्याच्याही हातात कळशी होती.

सायकलीच्या या जाड टायरवाल्या जातीची सुरुवातही अशीच थोडी जळण्यातून झाली. कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्स गावाजवळ 1976 साली काही पोरं जुन्या वजनदार सायकली घेऊन डोंगराच्या मातीच्या रस्त्याने खाली सुटायची. त्या सायकलींना पायडल उलटं दाबलं की मागच्या चाकाच्या तुंब्यातला ब्रेक लागायचा. खाली पोचेपर्यंत तुंबा इतका तापायचा की आतलं वंगण जळून धूर निघायचा. प्रत्येक फेरीनंतर वंगण नव्याने भरावं लागे, म्हणून त्या रस्त्याचं नावच ‘रीपॅक’ पडलं. त्या पोरांना आमच्या गाडीच्या साट्याखाली टांगलेलं वंगणाचं नळकांडं दाखवलं असतं तर त्यांना ते कशासाठी आहे ते सांगावं लागलं नसतं. आणि त्याच्या आधी, 1888 मध्ये, बेलफास्टला डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेल्या रबरी नळ्या बसवल्या. पुढे आमच्याकडे टायरगाड्या आल्या, बैलांचे कष्ट कमी झाले. गुरांच्या डॉक्टरने यापेक्षा मोठं औषध कोणतं दिलं असतं? पण धाव गेली, आणि रबराची चाकोरी कोणाचीही असू शकते.

‘तू ऐकतोयस का?’ मित्राने विचारलं. तो बऱ्याच वेळापासून बोलत होता.

आम्ही वाट संपल्याजागी उभे होतो. पुढे वाटाणा होता. हिरवागार, गुडघ्यापर्यंत, पांढऱ्या फुलांचा. मित्राने टायरच्या पंपाबरोबर ठेवलेली घडी काढली. गावनकाशाची झेरॉक्स. हा माणूस सायकलवर जाताना पाणी विसरतो, नकाशा विसरत नाही. दोन तुटक रेघा म्हणजे गाडीवाट, एक तुटक रेघ म्हणजे पाऊलवाट. पाऊलवाटेची रुंदी पाव साखळी, सव्वाआठ फूट. साखळी तेहेतीस फुटांची. तेहेतीस गुणिले तेहेतीसचा गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. हे सगळं तो मंत्रासारखं म्हणतो. त्याने वाटाण्याकडे बोट दाखवलं. ‘इथून जाते. दोन रेघा. म्हणजे बैलगाडी जात होती.’

गाडी जात होती याची खूण म्हणून आता फक्त दोन्ही अंगांचे बांध उरले होते, मध्ये नको इतकं अंतर ठेवून. पाणंद नांगरली की असंच दिसतं. आधी एका बाजूचा बांध दर पावसाळ्यात वीतभर सरकतो, मग गाडी जात नाही म्हणून कोणी नेत नाही, मग कोणी नेत नाही म्हणून तिथे पीक येतं. मित्र ‘1906 चा मामलेदार न्यायालय अधिनियम, कलम पाच’ असं पुटपुटला. ते अडवलेल्या वाटांसाठी आहे. नवी वाट मागायची तर 1966 च्या महसूल संहितेचं कलम 143. वाटांचे वाद हे त्याचे सगळ्यात लांबलेले दिवस होते. झाडाखाली पंच, दोन्हीकडचे भाऊबंद, आणि टेप धरायला कोणीच तयार नाही.

वाटाण्यातून एक म्हातारी उभी राहिली. तोडणी चालली होती, ओट्यात शेंगा.

‘मावशी, इथनं कोडीतला जायची वाट होती ना?’ मित्राने विचारलं.

‘व्हती की. माज्या लग्नाची गाडी त्याच वाटनं आली.’

‘मग?’

‘आता वाटाणा हाय.’

यावर कोणतंही कलम चालत नव्हतं. ‘कडंकडंनं जावा,’ ती म्हणाली, ‘नळ्यांवर चाक नका घालू तेवढं. ठिबक हाय.’ आम्ही सायकली खांद्यावर घेतल्या आणि बांधावरून निघालो. खांद्यावर घेतलेल्या सायकलचं चाक वाऱ्याने किंवा चालण्याच्या हिसक्याने हळूहळू फिरतं, आणि तेव्हाही घासतं. खस्स.

बांध संपला तिथे तिचंच घर असावं. अंजिराची आठ-दहा झाडं. खट्ट्या बहराची फळं नुकती पिकायला लागलेली. तो डिसेंबर-जानेवारीत येतो आणि मीठा बहार उन्हाळ्यात. खट्ट्याला खट्टा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं; थंडीत सकाळी झाडावरून काढलेलं अंजीर खाल्लंय त्याने हे नाव ठेवलं नसणार. गोठा होता, गोठ्यात एक जर्सी गाय आणि मोटरसायकल. आणि गोठ्याच्या भिंतीला टेकवून एक लोखंडी कडं, माणसाच्या खांद्यापर्यंत येणारं, गंजून तांबडं-काळं झालेलं.

मी सायकल खाली ठेवली. हात फिरवून पाहिलं. कड पातळ झाली होती, ब्लेडसारखी नव्हे पण झिजलेल्या नाण्यासारखी गुळगुळीत. जोड कुठे ते शोधलं. बोटाला लागला, डोळ्यांना नाही. मित्राने खिशातून टेप काढला. मी विचारलं नव्हतं.

‘चार फूट दहा इंच,’ तो म्हणाला आणि डोळे मिटून गुणाकार केला. ‘घेर पंधरा फूट दोन इंच.’

मग त्याने टेप माझ्या चाकाला लावला, मग पुन्हा कड्याला, आणि दोन्ही आकडे नकाशाच्या पाठीवर लिहून घेतले. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मी कडं भिंतीपासून जरा सुटं करून पाहत होतो, सपाट आहे की कुठे वाकलंय.

‘ओ बाबा,’ वाटाण्यातून हाक आली, ‘ते हलवू नका. त्याच्यावर माजं कारलं चढतंय.’