नंबर

बायपास होऊन घरी आलो त्याला १७ दिवस झाले होते. ऑपरेशन महात्मा फुले योजनेत बसलं, त्यामुळं रान गहाण पडलं नाही. पायातली शीर काढून काळजाला जोडलेली, छातीचं हाड मधोमध कापून तारेनं परत बांधलेलं. हाड सांधायला दोन-तीन महिने लागतात. वजन उचलायचं नाही, खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरायची, असं बजावून पाठवलं होतं. ती उशी सारखी माझ्या कवेत. नातू तिला आबाचं बाळ म्हणायचा.

१८व्या दिवशी सांजच्याला ताप भरला. जखमेच्या खालच्या टोकाला ओल दिसली. आडवं झालं की दम लागायचा. गावातले डॉक्टर म्हणाले, "आबा, इथं वेळ घालवू नका." थोरल्यानं १०८ ला फोन लावला. जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा रात्रीचे साडेदहा.

केसपेपर निघाला. एका पोरसवदा डॉक्टरनं हृदयाची पट्टी काढली आणि "बसा, बोलावतो" म्हणून गेला. खाट रिकामी नव्हती. लोखंडी बाकावर उशी धरून बसलो. शेजारी कारभारीण, तिच्या मांडीवर फायलीची पिशवी.

बारा वाजले. थोरला खिडकीवर विचारायला गेला, तर ऑपरेशन झालं तिथंच जा म्हणाले. ते शहर १५० किलोमीटरवर. आत विचारलं तर थांबा म्हणाले. किती थांबा, ते कुणी सांगेना.

एकच्या सुमाराला एक पोरगा आणला, विशीतला. फवारणीचं औषध प्यालेला. तो वास शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. सगळे तिकडं धावले. त्याची आई तोंडात पदर कोंबून दारात बसली. मी कारभारणीला म्हटलं, आपला नंबर मागं गेला तरी चालंल. अगदी मनापासून म्हटलं.

पण दोन वाजता पांढऱ्या कपड्यातला एक गडी आला. बोटाला फडकं गुंडाळलेलं. बरोबरच्यानं कुणाला तरी फोन लावला आणि तो सिस्टरच्या कानाला दिला. पाच मिनिटांत गडी आत. थोरला भांडायला उठला, त्याला हाताला धरून बसवला. मलाच शिवी हासडायची होती, पण शिवी द्यायलाही छाती लागते आणि माझी तारेनं बांधलेली.

वाट बघायला मी काही नवा नाही. ऊस घेऊन कारखान्याच्या तळावर दोन-दोन दिवस गाडीखाली झोपलोय. ऊस वाळायचा, वजन घटायचं, जीव तुटायचा. पण तिथं हातात नंबराची चिठ्ठी असायची. उठून पुढच्या गाड्या मोजता यायच्या. ४० असल्या तर बैलांना वैरण टाकून बिनघोर झोपायचं. इथं मी पहिला का पन्नासावा, काय कळायला मार्ग नव्हता. विसरलेत का काय, याचीच धास्ती. दर खेपेला दार वाजलं की कारभारीण पिशवी घेऊन उभी राहायची आणि परत बसायची. तिच्या गुडघ्यांचं दुखणं वेगळंच.

साडेतीनला एक सिस्टर चादर घेऊन आली. पाठीला आधार दिला, ताप बघितला. म्हणाली, "आबा, तुमची पट्टी चांगली आलीय, म्हणून तुम्हाला मागं ठेवलंय. आता तुमच्या आधी तिघं आहेत."

तिघं. एवढंच पाहिजे होतं. हे साडेदहाला कुणी सांगितलं असतं तर काय बिघडत होतं? मी उशीवर हनुवटी टेकली आणि बसल्या बसल्या डोळा लागला.

पाच वाजता आत घेतलं. फुप्फुसाभोवती पाणी झालेलं, ते सुईनं काढलं, तांब्याभर निघालं. जखमेत पू होता. ९ दिवस ठेवून घेतलं.

तिसऱ्या दिवशी तीच सिस्टर दिसली. त्या पोराचं विचारलं. म्हणाली, "वाचला. वरच्या मजल्यावर आहे. आईच्या हातानं पेज पितोय."