मागच्या सीटवरची थंडी

गुलमर्गला किंवा मनालीजवळच्या सोलंगला गेलेली मंडळी बर्फावर धावणाऱ्या स्कूटरवर बसण्याआधी जाड अंगरखा, हातमोजे आणि गुडघ्यापर्यंतचे बूट भाड्याने घेतात. बर्फ डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे थंडीची तयारी करा असे कोणाला सांगावे लागत नाही. आमच्या जव्हार-मोखाड्यात बर्फ पडत नाही. म्हणूनच पौषातल्या पहाटे, दरीतून धुके वर येत असताना, मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसून दवाखान्यात येणाऱ्या आजोबांच्या अंगावर पुष्कळदा एक सुती सदरा आणि खांद्यावर टॉवेल एवढेच असते. गावात थंडी बेताचीच असेलही. पण धावत्या गाडीवरची थंडी निराळी असते.

स्थिर हवेत आपल्या त्वचेलगत ऊबदार हवेचा एक पातळ थर साचून राहतो. वारा तो थर सतत उडवून नेतो आणि शरीराला पुन्हा पुन्हा नवी उष्णता खर्च करावी लागते. सायपल आणि पॅसल या दोन अमेरिकन संशोधकांनी अंटार्क्टिकावर पाणी किती वेळात गोठते हे वाऱ्यात मोजून पाहिले आणि १९४५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. २००१ पासून अमेरिका व कॅनडात वापरात असलेल्या सुधारित सूत्राप्रमाणे, पारा १० अंशांवर असताना ताशी ४० किलोमीटर वेगाचा वारा लागला, तर उघड्या त्वचेला सुमारे ६ अंशांची थंडी जाणवते. वारा आकाशातून आला की गाडीच्या वेगामुळे लागला, याने शरीराला फरक पडत नाही. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. खोडाळा, सूर्यमाळ या पट्ट्यातून येणारा माणूस तासभर असा वारा अंगावर घेत असतो.

दिवाळीनंतर या दोन्ही तालुक्यांतील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर किंवा बांधकामावर कामासाठी बाहेर पडतात. घरी म्हातारी माणसे आणि लहान मुले राहतात. आजी आजारी पडली की पुतण्या किंवा शेजारचा मुलगा तिला गाडीवर घेऊन येतो. तो तरुण असतो, गाडी चालवताना त्याचे हातपाय हलत असतात, थंडी त्याला सोसते. मागे बसलेले माणूस मात्र हालचाल न करता बसून असते. वयाबरोबर त्वचेखालची चरबी आणि स्नायू कमी होतात, थरथरून उष्णता निर्माण करण्याची शक्ती मंदावते आणि थंडीची जाणीवही बोथट होते. त्यात आपली म्हातारी माणसे ओझे होऊ नये म्हणून बोलत नाहीत. मी विचारले, “आजी, थंडी वाजली का हो?” तर उत्तर येते, “नाय रे बाबा, सवय हाय.” आणि हात हातात घ्यावा तर बोटे लाकडासारखी ताठ झालेली असतात. गप्प बसलेल्या त्या माणसासाठीच हा लेख आहे.

कपड्यांचे तत्त्व आपल्या गोधडीत आहे. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक टाकून शिवलेली गोधडी ऊब देते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. म्हणून एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन सैलसर थर बरे. आत कोरडी, अंगालगत बसणारी बंडी. त्यावर लोकरीचा स्वेटर. आणि सर्वांत वर वारा अडवणारे आवरण, जे बहुतेकांकडून राहून जाते. वारा स्वेटरच्या विणीतून आरपार जातो. यासाठी महागडे जाकीट लागत नाही. आपल्याकडे पावसाळा एवढा कोसळतो की प्रत्येक घरात रेनकोट असतोच. तोच स्वेटरवर चढवावा. तोही नसेल तर सदरा आणि स्वेटर यांच्यामध्ये छातीवर वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या ठेवाव्यात. सुती कपडा दवाने किंवा धुक्याने ओला झाला तर ऊब देण्याऐवजी ऊब शोषून घेतो. एक कोरडा सदरा पिशवीत असू द्यावा.

हातमोजे नसतील तर पायमोजे हातांत घालावेत. मागे बसणाऱ्याने गाडी घट्ट धरायची असते आणि गारठलेल्या बोटांची पकड सुटते. चालवणाऱ्यालाही हातमोजे हवेत, पण ब्रेक नीट दाबता येतील असे. चपलेत मोजे घातले की पाय घसरतो, म्हणून बंद बूट किंवा मागे पट्टा असलेली सँडल बरी. मधुमेही व्यक्तीने घोट्याला काचणारे मोजे टाळावेत.

आता सुरक्षिततेविषयी. १९२७ मध्ये नीस शहरात विख्यात नर्तिका इझाडोरा डंकन यांचा गळ्यातला लांब स्कार्फ मोटारीच्या चाकात अडकला आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. आपल्याकडे पदर, ओढणी आणि शाल यांना हाच धोका आहे. मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी नियमानेच बंधनकारक आहे. ती काढून टाकलेली असेल तर पुन्हा बसवून घ्यावी. शाल किंवा घोंगडी वरून नुसती पांघरू नये. पदर कमरेला खोचून, मफलरची टोके आत घालून वर रेनकोटची बटणे लावावीत. जाड कानटोपीवर हेल्मेट नीट बसत नाही आणि मागून येणारी गाडी ऐकू येत नाही. पातळ टोपी घालून त्यावर हेल्मेट घालावे. कायद्याने ते मागे बसणाऱ्यालाही आवश्यक आहे. दमेकऱ्यांनी नाकावर सुती रुमाल बांधावा, कारण गार हवेने श्वासनलिका आकसते.

शक्य असेल तर ऊन वर आल्यावरच निघावे. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब वाढतो, म्हणून रक्तदाबाची सकाळची गोळी प्रवासाच्या दिवशी चुकवू नये. उपाशीपोटी तपासणी असेल तर इन्सुलिन व मधुमेहाच्या गोळ्या कधी घ्यायच्या, हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठेवावे. साखर उतरली की थरथरही कमी होते आणि शरीर अधिक वेगाने थंड पडते. मोहाच्या दारूने ऊब येते हा भ्रम आहे. दारूने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम वाटते आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते.

शरीराचे आतील तापमान ३५ अंशांखाली गेले की ती गंभीर अवस्था असते. अडखळती चाल, जड जीभ, गुंगी, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे. आधी थरथरणारा माणूस एकाएकी थरथरायचा थांबला, तर थंडी गेली असे समजू नये. शरीराची शक्ती संपत आल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी वाऱ्यापासून आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरडे पांघरूण द्यावे, आधी छाती-पोट ऊबदार ठेवावे. हातपाय चोळू नयेत. पूर्ण शुद्धीवर असेल तरच कोमट गोड चहा द्यावा आणि लगेच रुग्णालयात न्यावे. शेकोटीशी अगदी जवळ बसवू नये. मधुमेहात पायांची संवेदना गेलेली असू शकते. पाय भाजल्याचे सकाळी फोड आल्यावरच कळते.

गाडी चालवणाऱ्या तरुणांना शेवटची विनंती. घाटात दर पंधरा मिनिटांनी गाडी थांबवा. मागच्या माणसाला नुसते “ठीक ना?” असे विचारू नका, त्याला उतरवून चार पावले चालवा, त्याचे हात आपल्या हातांत घेऊन पाहा आणि दोन वाक्ये बोलायला लावा. हात गार आणि बोलणे जड लागले, तर रस्त्यालगतच्या पहिल्या घरी थांबा. आमच्या भागात अशा वेळी कोणी दार लावून घेत नाही.